‘तिकडे बघा’ म्हणणाऱ्यांना

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या तिमजली इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या तळमजल्यावरची कापडाची, भांड्यांची, वह्या-पुस्तकांची दुकानेही त्यांच्याबरोबर जात आहेत, यावरून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटात सध्या शोकसभा चालू आहे. शोकाला माझी हरकत नाही. दिवाळीच्या आधी राम मारुती रस्त्यावरच्या दुकानात गादीवर बसून तागे उलगडून पाहिल्याचे मलाही आठवते. हरकत आहे ती प्रत्येक संदेशाच्या शेपटाला येणाऱ्या वाक्याला: ‘विलायतेत बघा, शंभर-दीडशे वर्षांची दुकाने कशी जपली आहेत, आपल्याला कदरच नाही.’ मी इंग्लंडमध्ये राहतो हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी त्या जपलेल्या दुकानांविषयी मला कोणी विचारत नाही.

मी राहतो त्या रेडिंगमध्ये जॅक्सन्स नावाचे दुकान १८७५ पासून होते. तिथे शाळेचे गणवेश, लोकर आणि बटणे मिळत, आणि आपण दिलेले पैसे हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून सुर्रकन रोखपालाकडे जाऊन सुटे त्याच वाटेने परत येत. २०१३ च्या डिसेंबरात ते बंद झाले आणि त्या इमारतीत आता फ्लॅट आहेत. वूलवर्थ्स या साखळीची सुमारे आठशे दुकाने जानेवारी २००९ पर्यंत मिटली, बीएचएस ही दुसरी साखळी २०१६ मध्ये गेली, आणि १७७८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या डेबनहॅम्सची शेवटची दुकाने मे २०२१ मध्ये बंद झाली. इंग्लंडमध्ये आता ते नाव ऑनलाइन विक्रीपुरते उरले आहे. ही जर कदर असेल, तर ठाणेकरांनी स्वतःला इतके कमी लेखू नये.

दुकान टिकते की जाते, याचा संस्कृतीशी लोक समजतात तेवढा संबंध नाही. संबंध आहे तो भाड्याशी. डेबनहॅम्स २००३ मध्ये खासगी गुंतवणूकदारांनी विकत घेतले, त्यांनी दुकानांच्या इमारती विकून त्याच पुन्हा दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने घेतल्या आणि कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून ते बाहेर पडले. पुढे लोक ऑनलाइन खरेदीकडे वळले तेव्हा गिऱ्हाईक कमी झाले, पण भाडे आणि कर्ज कमी होईना. ठाण्यात नेमके उलटे घडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीच्या गाळ्यांची भाडी गोठवली, १९९९ च्या कायद्यानेही वर्षाला चार टक्क्यांचीच वाढ दिली, म्हणून गोखले रस्त्यासारख्या मोक्याच्या ठिकाणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बटणे आणि अस्तरे विकत बसू शकली. ज्याला आपण परंपरा म्हणत होतो, तिचा मोठा भाग नाममात्र भाड्याची पावती होता. इमारत पडली की तीन-चार वर्षे धंदा बंद राहतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे रुळते. मग नव्या गाळ्याचा ताबा मिळाला तरी त्यात बटणे विकून भागत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्यांना शिव्या घालणे त्यापेक्षा सोपे आहे, आणि त्या शिव्या ज्या फोनवरून दिल्या जातात त्याच फोनवर कोथिंबीरही मागवली जाते.

शिवाय जुन्या दुकानदाराची जी मूर्ती आता घडवली जात आहे, ती मला ओळखू येत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आणि ‘घ्यायचे असेल तरच उलगडतो’ हा स्वर मी विसरलेलो नाही. इथे इंग्लंडमध्ये पंधरा दिवसांनी सदरा परत केला तरी गल्ल्यावरची मुलगी कारणही विचारत नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये निघाली ती काही हौसेने नव्हे. किमान अकरा कुटुंबांचा संघ करून महिन्याची यादी भरायची, आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा, हे आमच्या इमारतीतल्या बायकांनी वर्षानुवर्षे केले, कारण कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वजनावर आणि डाळीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचीच मुले आज त्या वाण्यासाठी गहिवरतात.

हे लिहिताना माझा स्वर चढला आहे, हे मला कळते. जॅक्सन्सच्या शेवटच्या सेलमध्ये मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या आजीबाई स्वतःच्या गणवेशाची आठवण सांगत होत्या आणि मी मुलीच्या ब्लेझरची सांगितली, तेव्हा त्यांनी मला बाहेरचा मानले नाही. त्या दुकानात मी माझे पैसे मोजले होते. राम मारुती रस्त्यावर गिऱ्हाईक माझे बाबा होते, मी फक्त गादीवर बसलो होतो. पहिला पगार हातात येऊन वर्ष व्हायच्या आत मी देश सोडला. त्यामुळे ‘तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस’ असे गटात कोणी लिहिले की मला राग येतो आणि उत्तर सुचत नाही.

आणि गटात मी अजून न सांगितलेली गोष्ट अशी, की सध्या ज्या इमारतींवरून रडारड चालू आहे त्यांत आमचीही आहे. तिच्या तळमजल्यावर चार दुकाने आहेत. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर मी रेडिंगहून सही करून पाठवली आणि पुन्हा विचारले तर पुन्हा करीन, कारण आईला तिसरा मजला चढवत नाही आणि नव्या इमारतीत लिफ्ट आहे.