असईच्या लढाईबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईवर एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की 23 सप्टेंबर 1803 ला खरं तर शिंदे-भोसलेच जिंकले होते आणि इंग्रजांच्या लष्करी इतिहासकारांनी मुद्दाम रेकॉर्ड फिरवून स्वतःचं नुकसान लपवलं. तसं काही नाही.

लपवलं असतं तर आपल्याला इंग्रजांच्या नुकसानीचा आकडा कळला कुठून? मैदानात उतरलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक मेले नाहीतर जखमी झाले, हे इंग्रजांच्याच कागदात आहे. मराठा गोलंदाजांनी तर त्यांची पार दाणादाण उडवली, 74 व्या हायलँडर पलटणीचा जवळपास फडशाच पडला, आणि पलटण पुढं सरकली की तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठून पाठीमागून परत बार काढायचे, हेपण तिकडच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. पण शेवटी मैदान सोडलं ते शिंद्यांच्या कंपूंनी (कवायती पलटणींनी), नव्वदच्या वर तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या, हे कसं नाकारणार?

आता इंग्रजांच्या सांगण्यात एकतर्फीपणा आहेच की. मराठ्यांची फौज चाळीस-पन्नास हजार सांगतात, त्यात बहुतेक घोडदळ, आणि ते त्या दिवशी फारसं लढलंच नाही. खरी झुंज दिली शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमन या युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पायदळानं आणि तोफखान्यानं, ते दहा-अकरा हजारच. हे न सांगता नुसता मोठा आकडा फेकला की वेलस्ली आपोआप मोठा दिसतो. याला एकांगी म्हणा, पण म्हणून हार-जीत उलटी करून फॉरवर्ड करू नका.