पाकीट देऊन मोकळे व्हा म्हणे

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या सरांच्या सत्कारावरून जुंपली आहे. एका मैत्रिणीने सुचवलं, सरांचं व्यक्तिचित्र काढून घेऊ आणि प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहून एकेक पुस्तक देऊ. लगेच उत्तरं आली: तसबिरी म्हणजे व्यक्तिपूजा, पुस्तकं शेवटी रद्दीतच जातात, त्यापेक्षा पाकीट द्या नि मोकळे व्हा. इथवर मी गप्प होते. मग एकाने टाकलं, "तिकडे लोक प्रॅक्टिकल असतात, असला भावनिक पसारा घालत नाहीत. विचारा आमच्या लंडनवाल्या बाईंना."

विचारलंच आहे तर ऐका. १५१७ साली इरॅस्मस आणि पीटर गिलिस या दोघा विद्वानांनी अँटवर्पच्या क्वेंटिन मॅट्सिसकडून आपापली चित्रं काढून घेतली आणि ती जोडी आपला मित्र, लंडनचा लेखक थॉमस मोर याला भेट पाठवली. खर्च निम्मा-निम्मा, एकट्याला जड होता म्हणून नव्हे, तर भेट दोघांची व्हावी म्हणून. (वर्गणीवरून कुरकुरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) मध्येच इरॅस्मसने वैद्याच्या गोळ्या घेतल्या, तर चित्रकार म्हणाला, हा तो चेहराच नाही, आणि काम काही दिवस थांबलं. गिलिसच्या हातात मोरचं पत्र रंगवलंय, इतकं हुबेहूब की आपलंच अक्षर बघून मोर थक्क झाला. सगळी हौसच हौस. प्रॅक्टिकल म्हणतात ते हेच का?

१९१२ साली लंडनमध्ये निघालेल्या इंग्रजी गीतांजलीत टागोरांचं रेखाचित्र आहे, विल्यम रोदेनस्टाइनने काढलेलं. अर्पणपत्रिकाही त्याच्याच नावाची. एकाने चेहरा दिला, दुसऱ्याने पुस्तक.

पण तुम्हाला दाखले द्यायला युरोपात कशाला जायला हवं? कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी शाळकरी भीमरावाला त्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या दिवशी पाकीट दिलं असतं तर? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत भक्तीबद्दल दिलेला इशारा एकाने ग्रुपवर चिकटवला आहे. तो राजकारणातल्या भक्तीबद्दल होता, बाबा. गुरूंचं ऋण मानायला त्यांची कधीच ना नव्हती. १९४६ साली शूद्रांविषयीचं आपलं पुस्तक त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केलं.

आता रद्दीचं. इथल्या चॅरिटी शॉपांत आतल्या पानावर "लाडक्या नातीस, आजीकडून" लिहिलेली पुस्तकं ढिगाने पडलेली असतात, हे मी ग्रुपवर सांगणार नाही. आमच्या ऑफिसात कुणी नोकरी सोडली की एक कार्ड फिरतं, वरच्याने लिहिलेलंच आपण खाली लिहायचं, आणि सोबत गिफ्ट कार्ड. म्हणजे पाकीटच. तेही नाही सांगणार. "तिकडे लोक प्रॅक्टिकल" म्हणणाऱ्या मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण त्याला ते कळलं तर तो वर्षभर ऐकवेल.

खरं सांगायचं तर मला राग व्यक्तिपूजेचा किंवा रद्दीचा आलेलाच नाही. पाकीट ठरलं की माझा वाटा मिनिटात ट्रान्सफर होईल आणि सगळ्यांच्या रकमेत विरघळून जाईल. तुम्ही स्टेजवर असाल, सरांच्या पाया पडाल, फोटोत दिसाल. सर तुम्हाला चेहऱ्याने ओळखतील. मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, की समोर गेले तरी नाव सांगावं लागेल. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र मला हवं तेवढं सांगता येतं, आणि माझं अक्षर त्यांनी शाळेत भरपूर तपासलंय.

तेव्हा चित्रकार रविवारपर्यंत ठरवा. वर्गणीत मला धरा, आणि कुणी ओळखीचं तिकडे निघालं की पुस्तक देऊन पाठवते. कुठलं ते विचारू नका, नाहीतर तुम्हीही तेच घ्याल.