जन्मभराचा जीपीएस पट्टा: अमेरिकी न्यायालये खरोखर काय म्हणाली

‘लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याच्या पायात अमेरिकेत जन्मभर जीपीएस पट्टा बांधतात, तिथल्या न्यायालयांना त्यात काही वावगे वाटत नाही, आणि ज्याने असा गुन्हा केला त्याला कसले आले हक्क,’ असा मजकूर मोबाइलवरून सर्रास फिरत असतो. त्यामागचा संताप मला समजतो, तरीही त्यातली विधाने तपासायला हवीत.

न्यायालयांना वावगे वाटत नाही, हे पहिले विधानच चुकीचे आहे. ‘ग्रेडी विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना’ या प्रकरणात 30 मार्च 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या अंगाला यंत्र बांधून त्याचा ठावठिकाणा टिपणे ही चौथ्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडतीपासून नागरिकाला संरक्षण देणाऱ्या तरतुदीच्या, अर्थाने झडतीच आहे. ती झडती वाजवी आहे का, हे ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवले गेले आणि 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसाला केवळ पूर्वीच्या गुन्ह्याची पुनरावृत्ती केली एवढ्याच निकषावर आपोआप जन्मभर पट्टा बांधणे घटनाबाह्य ठरवले. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी तिथल्या कायद्यातली अशी तरतूद रद्द केली. सगळीकडे असेच झाले, असे मात्र नाही: विस्कॉन्सिनचा कायदा 2016 मध्ये संघीय अपील न्यायालयात टिकला, आणि खुद्द नॉर्थ कॅरोलायनातही अधिक गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत 2021 मध्ये न्यायालयाने असा पट्टा वैध मानला.

हक्क संपतात, हेही खरे नाही. पॅरोलवरच्या माणसाचा खासगीपणाचा अधिकार आक्रसतो, हे न्यायालये मान्य करतात. पण शिक्षा संपून जो कोणाच्याही देखरेखीखाली उरलेला नाही, त्याची गोष्ट वेगळी.

‘ही शिक्षा नाही, नुसते लक्ष ठेवणे आहे’ हा युक्तिवादही पुष्कळ जण करतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्या माणसाचा हा खटला होता त्या ग्रेडीच्या घोट्यावरचे यंत्र रोज सुमारे दोन तास भिंतीतल्या सॉकेटला जोडून ठेवावे लागे, म्हणजे तेवढा वेळ वायरच्या टप्प्यातच बसून राहायचे, आणि हे मरेपर्यंत. कायद्याने या पट्ट्याला फौजदारी शिक्षा नव्हे, तर दिवाणी उपाय म्हटले होते. पण तेवढ्याने चौथ्या घटनादुरुस्तीतून सुटका होत नाही, असे 2015 च्या निकालातच बजावले आहे.

सर्वांत महत्त्वाचा दावा म्हणजे पट्ट्यामुळे गुन्हे थांबतात. हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची होती, आणि ग्रेडी प्रकरणात सरकारने तसा पुरावाच दिला नाही. पट्टा माणूस कुठे आहे ते सांगतो, काय करतो आहे ते सांगत नाही. मुलांवरचे अत्याचार पुष्कळदा ओळखीच्या, घरात ये-जा असलेल्या माणसाकडून होतात. अशा वेळी पडद्यावरचा ठिपका ‘घरी आहे’ एवढेच दाखवील, आणि पलीकडच्या खोलीतले मूल त्याला दिसणार नाही.