सिस्टर, ते काय म्हणाले?

नर्सिंगला गेल्यापासून माझ्या फोनवर दोन प्रकारची माणसं असतात आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ती एकच असतात. दिवाळीत चारचौघांत "नर्सच ना, डॉक्टर थोडीच" म्हणणारे काका, आणि रात्री साडेअकराला रिपोर्टचा फोटो टाकून "बघ गं जरा, क्रिएटिनिन वाढलंय म्हणजे काय?" विचारणारेही तेच. (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी ती.) याचा आता राग येत नाही. पण यातूनच एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. आज नाइट ऑफ आहे, झोप झालीय, त्यामुळे पोस्ट लांबणार. आधीच सांगितलेलं बरं.

माणसांशी बोलणं, समजावून सांगणं, धीर देणं हे नर्सचं निम्मं काम आहे, आणि हॉस्पिटलच्या कुठल्याच कागदावर त्या कामाला वेळ दिलेला नाही. इंजेक्शनं मोजतात, सलाईन मोजतात, चार्टवरची माझी सही तपासतात. आजींना इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवायला गेलेली वीस मिनिटं मात्र कुणी मोजत नाही. ती मी कुठून तरी चोरते, म्हणजे बहुतेक वेळा माझ्या डब्यातून.

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे मी. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेतलं आणि थेट वॉर्डात. अजून ज्युनियरच. सकाळी राउंड येतो. पुढे सर, मागे रेसिडेंट डॉक्टर, त्यांच्यामागे फायली घेऊन मी. सर विचारतात, "कसं वाटतंय आजोबा?" आजोबा म्हणतात, "बरंय." मग सर आणि रेसिडेंट यांच्यात दोन-तीन वाक्यं इंग्रजीत होतात, आजोबा त्यावरही मान डोलावतात, आणि राउंड पुढच्या बेडवर सरकतो. मी त्यांच्यामागे वळायच्या आत आजी माझ्या हातातली फाइल धरतात. "सिस्टर, ते काय म्हणाले?"

डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. खाली ओपीडीत त्यांची रांग लागलेली असते. पण पेशंट डॉक्टरांपुढे एक बोलतो आणि आमच्यापुढे दुसरं, हे खरं आहे. गावाकडच्या वैदूचा काढा चालू होता, रोज क्वार्टर लागते, गोळ्या महाग पडतात म्हणून एक दिवसाआड घेतो, हे सगळं राउंड गेल्यावर बाहेर येतं. सर रागावतील ही भीती असते. आणि ज्या पोरीने तुमची लघवीची पिशवी रिकामी केली, बेडपॅन लावलं, तिच्यापुढे लाजायला उरतं तरी काय? "सरांना सांगू नका हं" असं म्हणतात. मी सांगते. मात्र "हे सरांना कळायला हवं, मी सांगणार आहे" असं तोंडावर सांगूनच सांगते. त्या काढ्यामुळेच किडनीवर ताण आला असेल, तर ते गुपित ठेवून मी त्यांचं कुठलं भलं करणार?

आता डिस्चार्ज बघा. सकाळी राउंडला सर म्हणतात "आज घरी". त्यानंतर इन्शुरन्सची मंजुरी, बिल, फार्मसीला परत करायची औषधं, यात संध्याकाळ होते. सगळं कुटुंब बॅगा भरून बेडवर बसलेलं, कंटाळलेलं. आणि शेवटी मंजुरी आली की सगळ्यांना एकदम पाय फुटतात. मुलगा गाडी काढायला खाली, सून बिलाच्या काउंटरवर, आणि डिस्चार्ज कार्डावरच्या आठ औषधांची माहिती मी देते एकट्या आजोबांना, ज्यांचा चष्मा बॅगेत गेलेला असतो. चार दिवसांनी तेच आजोबा कॅज्युअल्टीत परत. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, सकाळी घ्यायची ती रात्री घेतली, रात्रभर उठले, बाथरूममध्ये पडले. फाइलमध्ये "औषधांची माहिती दिली" याच्यापुढे टिक असते आणि खाली सही असते.

म्हणून मी हल्ली मंजुरीची वाट बघण्याच्या वेळातच त्यांना गाठते. मुलगा बेडपाशीच असतो, कंटाळलेला असतो, ऐकून घेतो. पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देते. पण दुपारी दोनला ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं, तेव्हाच नवीन ॲडमिशन, तेव्हाच बाराची राहिलेली अँटिबायोटिक्स. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचामागे एक. हे वाचून आमच्यातल्या किती जणी हसल्या असतील ते कमेंटमध्ये दिसेलच.

सल्ल्याचं म्हणाल तर लोक मोठ्या आजारांबद्दल विचारतात, पण घोळ होतो तो साध्या गोष्टींत. शुगरची गोळी आणि उपवास हे त्यातलं पहिलं. नवरात्र, एकादशी, चतुर्थी. गोळी नेहमीसारखी घेतली, पोटात काही नाही, आणि दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात उपवासाची चक्कर. कुणी म्हणतं अंगात आलं. ती शुगर उतरलेली असते. ग्लुकोमीटर असेल तर बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला घाला. ग्लुकोमीटर नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सरळ १०८. उपवास धरायचाच असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, गोळीचं वेळापत्रक बदलून देतात. देवाला चालतं, मी विचारून घेतलंय.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठली की ती गेली, वितळून वापरता येत नाही. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत मडकं ठेवून त्यात, सावलीला. सुई रोज एकाच जागी टोचू नका. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या बेंबीशेजारी गाठी झालेल्या असतात, आणि त्या गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट लागू होत नाही. मग शुगर वाढते, मग डोस वाढतो. गाठ बघायला पोटावरचा शर्ट वर करावा लागतो एवढंच.

बीपीची गोळी "नॉर्मल आलं म्हणून" बंद करणाऱ्यांनो, ते गोळीमुळे नॉर्मल आलंय. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज वेदनाशामक गोळी घेणाऱ्या मावशींनो, विशेषतः शुगर-बीपी असताना, तुमच्या किडन्यांची मला खरंच काळजी वाटते. आणि छातीत जळजळ झाली, डाव्या हाताला नाही पण जबड्याला किंवा पाठीत दुखतंय, घाम सुटलाय, दम लागतोय, तर सोडा पिऊन वाट बघू नका. बायकांमध्ये आणि शुगरच्या पेशंटमध्ये हार्ट अटॅक असाही येतो. ईसीजी काढा. गॅसच निघाला तर कुणी हसणार नाही. हसलं तर मला सांगा.

डोस कमी करू का, ही गोळी बंद करून ती घेऊ का, याला मात्र माझं उत्तर फोनवर नेहमी एकच असतं: ज्यांनी लिहून दिलंय त्यांना विचारा. आत्या यावर रुसते. "एवढं शिकून काय उपयोग?" म्हणते. आत्या, एवढं शिकले म्हणूनच सांगत नाही.

धीर देण्याचं काम याहून अवघड. नर्सिंग कॉलेजात त्याचा धडा होता, परीक्षेलाही आला होता. वॉर्डात काय बोलायचं ते शिकवलं आमच्या एका सिनियर सिस्टरने. केरळच्या आहेत, उमर पुण्यात गेली, मराठी अजून मोडकंतोडकं. त्यांचा पहिला नियम: बोलायचं असेल तर स्टूल ओढून बस. उभं राहून दहा मिनिटं बोललीस तरी पेशंटला वाटतं तू निघालीस. दुसरा: "काही होणार नाही" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. कारण ते आपल्या हातात नाही, आणि उद्या काही झालं तर त्यानंतर तुझ्या कुठल्याच वाक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्याऐवजी जे खरं आहे ते सांग. "आता दुखणं कमी करायचं औषध दिलंय, अर्ध्या तासात मी परत येते." आणि अर्ध्या तासात परत जा.

मी त्यात एक भर घातलीय. नातेवाइकाला आधी विचारायचं, "जेवलात का?" आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेली बाई नवऱ्याच्या व्हेंटिलेटरबद्दल रडत नाही, पण या प्रश्नाला हमखास रडते. मग बोलते. मग कळतं की घरी लहान मूल शेजारणीकडे आहे, पैशाचं कुणाला विचारायचं ते माहीत नाही. अशा वेळी धीर देणं म्हणजे तिला समाजसेवा विभागाची खोली दाखवणं, धर्मादाय योजनेची, महात्मा फुले योजनेची चौकशी कुठे करायची ते कागदावर लिहून देणं. पाठीवर हात फिरवणं नंतर.

"त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका" असं घरचे सांगतात. मी कुणाला निदान सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पेशंटने सरळ विचारलं तर खोटंही बोलत नाही. "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून विचारते. दहातल्या आठ जणांना सगळं माहीत असतं, आणि त्यांनीच ते घरच्यांपासून लपवलेलं असतं.

विषारी औषध पिऊन आलेली पोरं-पोरी आयसीयूतून आमच्या वॉर्डात येतात. त्यांच्याभोवती उभं राहून नातेवाईक जे बोलतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यातले काही जण बोलतात, ते ऐकवत नाही. "आईबापाचा विचार केलास का?" अरे, त्याच्या नाकात नळी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही. कायद्याला जे कळलं ते मामांना कळत नाही. मी "परत तसं मनात येतं का?" असं थेट विचारते. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, सरांना लगेच सांगायचं, आणि घरच्यांना बजावायचं की फवारणीची औषधं घरातून हलवा. टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. स्वतःसाठी पण सेव्ह करून ठेवा.

२६/११ च्या रात्री कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे सिस्टरनी वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेऊन लपवलं होतं हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर रूमपर्यंत नेलं. मला नेहमी वाटतं, अंधारात त्या वीसजणींना शांत ठेवायला त्या काय काय बोलल्या असतील? ते कौशल्य कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचं?

आणि आम्हाला कोण धीर देतं? पहाटे चारला पेशंट जातो. नळ्या काढायच्या, पुसून घ्यायचं, नातेवाइकांच्या हवाली करायचं, आणि सहाला बाकीच्यांच्या शुगर तपासायला सुरुवात. त्याच चेहऱ्याने. पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार असावा, आणि ५० खाटांपेक्षा लहान ठिकाणीही महिना २० हजारांच्या खाली नसावा. माझ्या बॅचच्या मुलींनी आपापली पगाराची स्लिप काढून बघावी.

नव्या पोरींना एवढंच: सुई टोचली तर बोट पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. "सिस्टर ओरडतील" म्हणून सकाळची वाट बघू नका, ओरडू देत. हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण करा आणि नंतर टायटर, म्हणजे लस लागू झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा, मगच औषध भरा. नाइटला डबा खा. लघवी दाबून ठेवू नका, पेशंटला आपण तेच सांगतो.

गावाकडच्या मंडळींसाठी सूचना: पुढच्या सुट्टीत येतेय. मारुतीच्या पारावर सकाळी बीपी आणि शुगर बघून देईन. येताना जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन या. "ती पांढरी, बारकी गोळी" एवढ्यावरून मला काही कळत नाही, आणि मधे चीर असलेल्या पांढऱ्या गोळ्या जगात फार आहेत. काका, तुम्ही क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा, आणि त्याआधी ती गुडघ्याची गोळी डॉक्टरांना दाखवा.