कमाई आपली, अडवणूक बँकेची

आखातातून कायमचं परतणाऱ्यांना बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शाखांत अजून किती हेलपाटे घालायला लावणार? पासपोर्टावर जुनं बेळगाव, आधारवर बेळगावी. नाव 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं बदललं, मग पुरावा खातेदाराकडे का मागता? मराठीत काही विचारलं की 'मेन ब्रँचला जावा'!

परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड बऱ्याच छोट्या शाखांना स्वतःचा नसतो, हे आधी कोण सांगतं? मग पैसे वाटेत अडकतात, मधली बँक आपला हिस्सा कापते. 'शून्य फी' म्हणणारे तर चलन बदलायच्या दरातच मारतात. फी विचारूच नका, हातात रुपये किती पडणार ते विचारा.

खरा संताप एनआरई खात्याचा, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या इथल्या रुपयातल्या खात्याचा. कायमचं परतल्यावर ते निवासी करायचं, नाहीतर रक्कम आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या खात्यात वळवायची. आरएफसीत पैसा परकीय चलनातच राहतो, पुन्हा बाहेर पाठवायलाही मोकळा. पोरं बाहेर शिकत असतील तर केवढा आधार! पण काउंटरवर आरएफसी म्हणा, कोरे चेहरे. साधं बचत खातं गळ्यात मारून मोकळे. आणि बाहेर असताना परकीय चलनात ठेवलेली एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत ठरल्या व्याजानं चालू ठेवता येते, तर ती मोडायला कशाला सांगता?