‘राक्षस दिसतच नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंत, “55 इंची 4के टीव्ही घेतला, पण राक्षसाच्या पिक्चरमध्ये राक्षसच दिसत नाही. अंधारात नुसते काळे ठोकळे वळवळतात. दुकानात झकास दिसत होता. फसवणूक.” उत्तराला चार दिवस लागले, कारण परवा रात्री घोडबंदरला तुमच्या घरी येऊन स्वतः बघितल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं.

आधी आमची चूक. उजेडाच्या 0 ते 255 च्या मापात व्हिडिओतला काळा रंग 0 वर नसतो, 16 वर असतो. टीव्हीला जोडलेला तुमचा बॉक्स 0 पासून पाठवत होता आणि टीव्ही 16 च्या खालचं सगळं काळं समजून गिळत होता. एक सेटिंग बदललं आणि गुहेची मागची भिंत दिसायला लागली, हे तुम्हीही पाहिलंत. फिटिंगला आलेल्या आमच्या मुलाने हे तपासायला हवं होतं. तो टीव्ही ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या मोडवरच सोडून निघून आला. त्याबद्दल माफी मागतो. आणि दुकानात झकास दिसतो तो ट्यूबलाइटखाली, कंपनीच्या पोपट-फुलांच्या क्लिपवर. त्यात राक्षस नसतो. हे विकताना आम्ही बोलत नाही, तेही कबूल.

पण ठोकळे टीव्हीचे नाहीत, साहेब. पिक्चर नेटवरून पाठवताना चौकोनांत कापून दाबतात. शेजारशेजारच्या दोन काळ्यांत फरक थोडा असला की दोन्ही एकच धरायचे आणि डेटा वाचवायचा. दिवसाच्या सीनमध्ये ते खपून जातं. अंधारात मात्र साध्या व्हिडिओच्या 256 छटांपैकी तळाच्या मोजक्या छटांत अख्खा राक्षस बसवलेला असतो. त्यातल्या निम्म्या गेल्या की खवले, ओली कातडी, मागचं धुकं, सगळ्याचं एकच डांबर. त्यातून धूर आणि पाऊस दर फ्रेमला बदलतात, म्हणून दाबायला सगळ्यात अवघड, आणि दिग्दर्शकांना राक्षस नेमका तिथेच लपवायची हौस! दिसावा म्हणून तुम्ही ब्राइटनेस 100 वर नेलात. त्याने राक्षस नाही उजळला, ठोकळे उजळले.

2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या रात्रीच्या लढाईच्या भागावर जगभर हीच बोंब झाली होती. तेव्हा तर कॅमेरामननेही लोकांच्या टीव्ही सेटिंगकडे आणि कॉम्प्रेशनकडे, म्हणजे याच दाबण्याकडे, बोट दाखवलं होतं.

साडेनऊला तुमच्या हॉलमध्ये मी वाय-फायचा वेग मोजला तर 6 एमबीपीएस. नेटफ्लिक्स 4केसाठी 15 मागतं. ब्लू-रे डिस्कवर नुसत्या चित्राला 40 पर्यंत मुभा असते. म्हणजे तुमचा टीव्ही 4के आहे, पण त्याला खायला मिळतंय ते त्याच्या निम्म्याहून कमी. पूर्वी मी नौपाड्यात व्हीसीडी भाड्याने द्यायचो. 352 बाय 288 ठिपक्यांचं चित्र, भूत कायम चौकोनीच. पण 20 इंची डब्यावर ते झाकून जायचं. मोठा पडदा काही झाकत नाही.

अजून एक. देवघरातला लाल झिरोचा बल्ब बरोबर राक्षसाच्या कपाळावर पडतो. वहिनी म्हणाल्या तो रात्री बंद करायचा नाही, मग टीव्ही तरी हातभर डावीकडे घेऊ. ब्रॅकेट आम्ही फुकट हलवून देतो.

राउटर बेडरूममध्ये आहे, तिथून टीव्हीपर्यंत वायर टाकायला लागेल. तिचे पैसे मात्र घेईन. नेटफ्लिक्सचा प्लॅनही बघा, तुमचा फुल एचडीपर्यंतचाच आहे.

त्याच पिक्चरची ब्लू-रे माझ्या कपाटात आहे. रविवारी रात्री आठनंतर प्लेयर घेऊन येतो, पडदे ओढून ठेवा. डिस्कवरही ठोकळे दिसले तर टीव्ही परत नेईन, पूर्ण पैसे देऊन. नाही दिसले, तर स्टार वाढवायचा की नाही ते तुमच्यावर सोडतो. फक्त ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढा.