मध जखमेवर चालतो, पण त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसा नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. कापलं, भाजलं, जखम चिघळली, काहीही झालं तरी घरातला शुद्ध मध लगेच लावा. मधात जंतू जगूच शकत नाहीत, मलम-अँटिबायोटिकची गरज नाही, मधुमेहाची जखमसुद्धा भरते, हजारो वर्षांचा उपाय आहे. यात खरं आणि चुकीचं इतकं मिसळलंय की वाचणारा सगळंच खरं मानतो, आणि मला भीती त्याचीच वाटते.

उपाय जुना आहे, यात वाद नाही. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय लिखाणात जखमेवर मध बांधायला सांगितलंय, सुश्रुतसंहितेतही व्रणासाठी मध-तूप आहे. पण जुना उपाय प्रत्येक जखमेला लागू पडतो, असं त्यावरून ठरत नाही.

‘मधात जंतू जगत नाहीत.’ मधात साखर ८० टक्क्यांच्या आसपास असते आणि पाणी जेमतेम १७-१८ टक्के, त्यामुळे तो जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो, तेही जंतूंना मानवत नाही. मधमाशीकडून त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आलेलं असतं. जखमेतल्या पाझराने मध पातळ झाला की हे एन्झाइम थोडंथोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतं. न्यूझीलंडच्या मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांपासून बनलेल्या मधात याशिवाय मिथाइलग्लायॉक्सल हे जंतूंना मारणारं रसायन असतं. एवढं सगळं असूनही जंतू मधात फक्त वाढत नाहीत, सगळे मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं, त्यात सुप्त राहतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका असं डॉक्टर म्हणतात ते याचसाठी.

म्हणूनच ‘घरातला कोणताही शुद्ध मध’ हेही चूक. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. उष्णता मुद्दाम टाळतात, कारण तापवल्यावर ते एन्झाइम निकामी होतं आणि बीजाणू मात्र साध्या उकळण्याने मरत नाहीत. खाण्याचा मध पुष्कळदा बाटलीत भरण्याआधीच तापवलेला असतो. घरी त्यात चमचे बुडालेले असतात ते वेगळंच. शुद्ध म्हणजे भेसळ नसलेला. निर्जंतुक ही निराळी गोष्ट आहे.

भाजल्यावर ‘लगेच मध’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. भाजल्याबरोबर करायचं काम एकच, नळाचं वाहतं गार पाणी, २० मिनिटं. मध थापत बसलात की ती वेळ हातची जाते आणि उष्णता आतली त्वचा जाळत राहते. नंतर, वरवरच्या भाजण्यावर मधाची पट्टी खरंच चांगली ठरते. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २६ चाचण्या तपासल्या होत्या. अशा भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा साधारण चार-पाच दिवस आधी भरल्याचं त्यात दिसलं. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही फायदा दिसला. मधाच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा असताना त्याला खोट्या दाव्यांची जोड कशाला द्यायची?

‘सगळ्या जखमा भरतात’ याला तोच आढावा आधार देत नाही. शिरांच्या आजाराने पायावर होणाऱ्या जुनाट व्रणांवर न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांची चाचणी झाली, निष्कर्ष २००८ साली आले. मनुका मधाच्या पट्टीने नेहमीच्या पट्टीपेक्षा ठोस फायदा दिसला नाही, उलट दुखण्याच्या तक्रारी जास्त आल्या. तिथे मुख्य उपचार पायाला घट्ट पट्टी बांधून दाब देण्याचा असतो.

मधुमेहाच्या पायावर तर घरगुती प्रयोग नकोच. तिथे संवेदना गेलेली असते, रक्तपुरवठा कमी असतो, जखम खोल गेली तरी दुखत नाही. मधाचा फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा तिथे नाही, आणि घरी वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांची किंमत कधीकधी बोट किंवा पाय असते.

राहिलं ‘अँटिबायोटिक नको’. जखमेभोवतीची लाली पसरतेय, ताप आलाय, पू येतोय, तर संसर्ग आत शिरलाय आणि वर लावलेला मध तिथे पोचत नाही. गंजलेल्या वस्तूने किंवा मातीत खोल जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.